सहा अक्षरांचे नाव

इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलाची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी, असा तेथील कायदा आहे. बर्मिंगहॅममधील एका लहानशा घरात यांपैकी ३१ दिवस निघून गेले होते आणि पाळण्यातल्या मुलीला अद्याप नाव नव्हते. नाव नव्हते असे म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. नावे तीन होती. आणि तिन्ही, एका अर्थाने, एकच होती. मुलीच्या आईला हवे असलेले नाव रोमन लिपीत सहा अक्षरांनी लिहिले जाते : एस, ए, डी, एच, बी, एच. त्याचा उच्चार 'साइव्ह' असा होतो. मुलीच्या वडिलांना तेच नाव हवे होते, पण चार अक्षरांत : एस, आय, व्ही, ई. आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून, कॉनेमारातून, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या आजीचे म्हणणे असे की, मुलीचे नाव 'सारा' ठेवावे आणि हा घोळ मिटवून टाकावा.

देवनागरीत हे नाव लिहिले की अडचण नाहीशी होते. 'साइव्ह' हे मराठी वाचकाने वाचावे आणि पुढे जावे.  म्हणजे ज्या प्रश्नाने एका कुटुंबाला महिनाभर छळले, तो प्रश्नच आपल्या लिपीत दिसत नाही. उच्चार पोचतो आणि लेखन मागे राहते. म्हणून येथे त्या नावातील अक्षरे वेगवेगळी सांगण्यावाचून गत्यंतर नाही. कारण वाद उच्चाराचा नव्हताच. उच्चाराविषयी तिघांचे एकमत होते.

आजीची बाजू आधी समजून घ्यावयास हवी, कारण ती वरवर पाहता सर्वांत विपरीत वाटते. या तिघांत आयरिश ही जिची खरोखर मातृभाषा, ती एकटी आजी. मुलीची आई त्याच भाषेत वाढली, पण शिक्षणाच्या आणि नोकरीच्या निमित्ताने तेरा वर्षे इंग्लंडमध्ये राहून तिची आयरिश आता रविवारच्या फोनपुरती उरलेली. वडील बर्मिंगहॅममध्येच जन्मलेले. आजोबांनी आयर्लंडहून आणलेले आडनाव सोडले तर त्या भाषेशी त्यांचा संबंध नाही. असे असताना आयरिश नावाला विरोध व्हावा तो आजीकडून. ज्या पूर्वजेचे नाव ठेवावयाचे होते ती या आजीची आई, म्हणजे बाळाची पणजी. १९१६ साली जन्मलेल्या या बाईला घरात, गावात, शेतावर, समुद्रकाठी शेवाळ गोळा करताना सारे 'साइव्ह' म्हणत. पण जन्माच्या नोंदवहीत 'सारा', विवाहाच्या नोंदवहीत 'सारा', शिधापुस्तिकेवर 'सारा' आणि अखेर थडग्याच्या दगडावरही 'सारा'. "माझ्या आईला सारा म्हणून कोणी कधी हाक मारली नाही," आजी म्हणाली, "पण पेन्शन मिळालं ते साराला."

या एका वाक्यात विशेषनामांच्या तत्त्वज्ञानातील एक जुना वाद सामावलेला आहे. विशेषनाम व्यक्तीचा केवळ निर्देश करते, तिच्या कोणत्याही गुणधर्माचा वाचक ते नसते, असे जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक'मध्ये मांडले. सव्वाशे वर्षांनी सोल क्रिपकी याने त्याच दिशेने, पण वेगळ्या वाटेने, असे सुचविले की नाव आणि व्यक्ती यांना जोडणारा दुवा म्हणजे वर्णन नव्हे, तर आरंभीचा एक नामकरणप्रसंग आणि तेथून एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे चालत आलेली साखळी. 'नेमिंग अँड नेसेसिटी' या पुस्तकातील हे विवेचन आकर्षक आहे. परंतु कॉनेमारातील या बाईचे नामकरण एकदा झाले नव्हते, दोनदा झाले होते. आणि दोन साखळ्या साठ-सत्तर वर्षे एकमेकींना न शिवता समांतर चालत राहिल्या. एक तोंडातून कानात, दुसरी कागदावरून कागदावर. तत्त्वज्ञाने गृहीत धरलेला नामकरणाचा प्रसंग हा एकभाषिक समाजातला प्रसंग आहे, हे येथे ध्यानात येते. जेथे हाक मारणारी भाषा एक आणि नोंद करणारी भाषा दुसरी, तेथे माणसाला नाव 'असते' असे म्हणण्याऐवजी नावे वाटून दिलेली असतात, असे म्हणणे अधिक सयुक्तिक.

आयर्लंडमध्ये ही वाटणी फार पद्धतशीरपणे झाली. साइव्हची सारा, सॅली किंवा सबाइना, डिआरमिडचा जेरेमाया, टाइगचा टिमोथी. यांत अर्थाचे साम्य नाही, व्युत्पत्तीचे नाही. ध्वनीचे असलेच तर एखाद्या आद्याक्षरापुरते. हा अनुवाद नव्हे. प्रत्येक आयरिश नावासाठी सरकारदरबारी आणि चर्चमध्ये एक इंग्रजी प्रतिनाव ठरून गेले आणि लोकांनीही ते विनातक्रार पत्करले. २५ नोव्हेंबर १८९२ रोजी डग्लस हाइड याने डब्लिनमध्ये दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात आपल्याच देशबांधवांना जे खडसावले, त्यात नावे बदलून घेण्याच्या या सवयीवर त्याचा विशेष रोख होता. हाच हाइड १९३८ साली आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

उलट दिशेने जाणाऱ्याची काय गत होई, याचे उदाहरण १९०५ सालचे आहे. डोनेगॉलमधील नीअल मॅक गिला व्रीजे या शेतकरी कवीने आपल्या गाडीवर स्वतःचे नाव आयरिशमध्ये, आयरिश वळणाच्या अक्षरांत रंगविले. गाडीवर मालकाचे नाव सुवाच्य अक्षरांत असावे, असा कायदा होता. तेव्हा नाव लिहूनही ते लिहिले नाही, असे धरून त्याला दंड झाला. त्याची बाजू वरच्या न्यायालयात मांडली ती पॅट्रिक पिअर्स याने. पुढे १९१६ च्या उठावाचा नेता म्हणून ज्याला गोळ्या घातल्या गेल्या, तोच हा पिअर्स. वकील म्हणून ही त्याची जवळजवळ एकुलती एक कामगिरी, आणि तीत तो हरला. 'सुवाच्य' या शब्दाचा अर्थ कोणाला वाचता यावे असा, याचा निर्णय त्या खटल्यात झाला. बर्मिंगहॅमच्या घरात शंभराहून अधिक वर्षांनी चाललेला वाद याच शब्दाभोवती फिरत होता.

या नावाचे लेखन अवघड आहे, असे सर्रास म्हटले जाते. अवघड कोणासाठी? इंग्रजी वाचनसंकेत घेऊन येणाऱ्यासाठी. आयरिश लेखनव्यवस्था तिच्या स्वतःच्या नियमांनी पाहिली, तर इंग्रजीहून पुष्कळच नियमबद्ध आहे. आणि 'नाइट' हा शब्द लिहिताना आरंभी एक मूक के आणि मध्ये मूक जी-एच बाळगणाऱ्या भाषेने दुसरीला मूक अक्षरांबद्दल बोल लावावा, हा तर विनोदच. आयरिशमध्ये जवळपास प्रत्येक व्यंजनाच्या दोन जाती मानतात : रुंद आणि निमुळती. व्यंजनालगत ए, ओ, यू ही स्वरचिन्हे असली तर ते रुंद. ई, आय असली तर निमुळते. यातील गंमत अशी की, कित्येकदा ते स्वरचिन्ह स्वतः उच्चारले जात नाही, शेजारच्या व्यंजनाची जात सांगण्यापुरतेच ते उभे असते. 'शॉन' या नावात एस आणि ए यांच्यामध्ये जो ई लिहितात, त्याचे काम एवढेच की या एसला 'स' म्हणू नका, 'श' म्हणा. मराठी माणसाला हे परके वाटू नये. 'असा' आणि 'अशी', 'कसा' आणि 'कशी', 'म्हैस' आणि 'म्हशी' : तालव्य स्वर आला की आपलाही 'स' 'श' होतोच. फरक इतकाच की आपण बदललेला ध्वनी लिहितो आणि ते बदलाचे कारण लिहितात. आपल्याकडेही सर्व बदल लिहिले जातात असे नाही. 'त्याचा' आणि 'त्याची' यांतील दोन्ही 'च' वेगळे आहेत हे प्रत्येक मराठी जीभ जाणते, पण कागदावर दोन्ही एकच. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपण 'द्न्यानेश्वर' असे उच्चारतो आणि परदेशी गेलेला ज्ञानेश तेथील कारकुनासमोर डी, एन, वाय असे एकेक अक्षर सांगू लागतो, तेव्हा देवनागरी जशी लिहावी तशी वाचावी, या आपल्या अभिमानाला किंचित तडा जातो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'साइव्ह' या नावाच्या शेवटी जे बी-एच आहे त्याचा उच्चार 'व्ह'. मूळचा ब शिथिल होऊन व झाला, पण लेखनात ब राहिला आणि तो शिथिल झाल्याची खूण म्हणून त्यापुढे एच आला. म या व्यंजनाचेही तसेच. एम-एच म्हणजे पुन्हा 'व्ह', आणि हा व मुळात सानुनासिक होता. ही घटना मराठीच्या अभ्यासकाला इतकी परिचित आहे की तो क्षणभर थबकेल. 'ग्राम'चे 'गाव' झाले, आणि खुद्द 'नाम'चे 'नाव' झाले, ते याच वाटेने. आपलाही तो व सानुनासिक होता आणि म्हणूनच १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी आपण 'नांव', 'गांव' असे टिंब देऊन लिहीत असू. आयरिशमध्ये नावाला 'अॅनिम' म्हणतात. तो शब्द आणि आपला 'नाम' एकाच मूळ कुळातले. आपण 'नाव' लिहितो आणि 'नाम' विसरून जातो. आयरिश लेखक जणू 'नाम' लिहून, त्यातला म आता पूर्वीचा राहिला नाही, अशी खूण शेजारी करून ठेवतो. त्या लेखनात शब्दाचे आजचे रूप आणि कालचे रूप एकाच वेळी वाचावयास मिळते. प्राचीन आयरिशमध्ये हे नाव एस, ए, डी, बी अशा चार अक्षरांतच लिहीत. मधला डी पुढे उच्चारातून विरघळला आणि आधीच्या स्वराला 'आइ' असे वळण देऊन गेला. त्याची आठवण म्हणून डी-एच. म्हणजे सहांपैकी एकही अक्षर निरुद्योगी नाही.

ही खूण नेहमी एच हीच नव्हती. जुन्या आयरिश वळणाच्या छपाईत आणि हस्ताक्षरात शिथिल व्यंजनाच्या डोक्यावर एक टिंब देत. १९५८ साली आयरिशच्या व्याकरणाचे आणि लेखनाचे अधिकृत प्रमाण रूप प्रसिद्ध झाले आणि १९६० च्या दशकात शाळांची पुस्तके जुन्या वळणाऐवजी सर्वसामान्य रोमन टंकात छापली जाऊ लागली. छपाईची आणि टंकलेखनाची सोय हे कारण होते. मराठीतून टिंबे गेली. आयरिशमध्ये टिंबाचा एच झाला, आणि इंग्रजी डोळ्याला ती भाषा एकाएकी एचने बुजबुजलेली दिसू लागली. बाळाची आजी १९५० च्या दशकात शाळेत शिकली ती टिंबांची आयरिश.

मग तिचा विरोध का? १९६४ साली, अठराव्या वर्षी, ती याच बर्मिंगहॅम शहरात एका कारखान्यात कामाला आली होती. तिचे स्वतःचे नावही असेच, कागदावर लांब आणि तोंडात लहान. पहिल्याच सोमवारी मुकादमाने हजेरीची यादी वाचताना त्या नावाशी अडखळून दोनदा प्रयत्न केला, बाया हसल्या, आणि त्याने पेन्सिलीने वर 'मेरी' असे लिहून टाकले. तीन वर्षे ती मेरी होती. त्यात क्रौर्य नव्हते, असे ती स्वतःच सांगते; त्या माणसाला दीडशे नावे वाचून यंत्रे सुरू करावयाची होती. "नाव वाचता येत नाही म्हणजे तुझ्यापाशी लोक थांबत नाहीत," ती लेकीला म्हणाली. "पुढच्याकडे जातात." पणजीला निदान सारा हे नाव जन्मतः मिळाले होते, दुसऱ्याने पेन्सिलीने दिलेले नव्हते. आजीच्या मते ती पायरी वरची.

लेकीपाशी याला उत्तर नव्हते. तिची बाजू युक्तिवादाची नव्हतीच. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडच्या प्रजासत्ताकात शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजार लोक आहेत. ती स्वतः आता त्यांत मोडत नाही, आणि या मुलीला ती भाषा येणार नाही हे तिला स्वच्छ दिसत होते. अंगाई एखादी येईल, शिव्या दोन-चार येतील. म्हणून निदान एक शब्द तरी, पण तो त्याच्या संपूर्ण लेखनासह. उच्चार तर इंग्रजी अक्षरांतही देता येतो. नियम देता येत नाहीत. ती म्हणाली, मुलीला जन्मभर कोणीतरी विचारील की हे असे का लिहितात, आणि ते सांगण्यासाठी तरी तिला काही माहीत करून घ्यावे लागेल. यावर तिच्या नवऱ्याने जो प्रश्न विचारला तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही : जी भाषा आपण मुलीला देणार नाही, तिचे व्याकरण मात्र तिच्या गळ्यात बांधावयाचे, ही भेट की कर्ज?

त्याने सुचविलेली चार अक्षरे हा मधला मार्ग दिसत होता. मधल्या मार्गांचा या नावांच्या बाबतीत एक इतिहास आहे. पुराणकथेतील साइव्ह ही काळ्या जादूगाराने हरिणी केलेली स्त्री. फिन या वीराची प्रिया आणि 'उशीन' म्हणजे 'हरिणाचे पाडस' असे नाव मिळालेल्या कवीची माता. लेडी ग्रेगरीच्या १९०४ सालच्या 'गॉड्स अँड फायटिंग मेन'मध्ये ही कथा येते. त्या उशीनला जेम्स मॅकफर्सन या स्कॉटिश गृहस्थाने १७६० च्या दशकात 'ऑसियन' केले. त्याची म्हणून जी प्राचीन काव्ये भाषांतराच्या नावाखाली छापली ती बव्हंशी स्वतःच रचली, आणि वाचण्यास सोप्या त्या नावांनी युरोप जिंकला. नेपोलियन ऑसियनवेडा होता. १७९९ साली जन्मलेल्या आपल्या धर्मपुत्राला त्याने ऑसियनच्या मुलाचे नाव दिले, आणि तो मुलगा पुढे पहिला ऑस्कर म्हणून स्वीडनचा राजा झाला. 'माल्व्हिना' हे नाव तर मॅकफर्सनने चक्क घडविले. सोपे केलेले नाव दूरवर जाते यात शंका नाही. पण स्टॉकहोमच्या दरबारात ऑस्कर म्हणताना कोणाला हरिणाच्या पाडसाची आठवण होत असेल? उलटीही तऱ्हा आहे. 'फिआ' हे मुलींचे नाव २०२१ साली आयर्लंडमध्ये सर्वाधिक ठेवले गेले. फिआ म्हणजे रानातले हरीण. हा शब्द प्रमाणलेखनात एफ, आय, ए असा तीनच अक्षरांत लिहितात. सुधारकांनी शेवटचे मूक डी-एच काढून टाकले होते. नव्या पिढीच्या आईबापांनी मुलीचे नाव ठेवताना ते आवर्जून परत आणले. नाव म्हणून ते नवे, लेखन मात्र जुने. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, हरीण हे काय मुलीचं नाव? आणि मग स्वतःच गप्प झाली, कारण साइव्हची गोष्ट तिनेच लेकीला लहानपणी सांगितली होती.

चार अक्षरांचा बेत बारगळला तो मात्र वेगळ्याच कारणाने. इंग्रजी वाचकाला ती चार अक्षरे पाहून 'सिव्ह' म्हणजे चाळण आठवण्याचा संभव आहे, हे आईच्या लक्षात आले होते. पण खरा अडसर नाटकाचा निघाला. जॉन बी. कीन या केरी परगण्यातील नाटककाराचे 'साइव्ह' हे नाटक लिस्टोलच्या हौशी मंडळींनी १९५९ साली रंगभूमीवर आणले आणि अखिल आयर्लंड नाट्यस्पर्धेत ते पहिले आले. नाटक इंग्रजीत, म्हणून नायिकेचे नाव इंग्रजी वळणाने, त्याच चार अक्षरांत. पैशासाठी एका पोरक्या तरुण मुलीचे म्हाताऱ्या शेतकऱ्याशी लग्न ठरविले जाते. मध्यस्थ, मामी, घरातली म्हातारी, सारे आहेत. देवलांची 'शारदा' (१८९९) वाचलेल्याला हे कथानक नव्याने सांगावे लागणार नाही. फरक शेवटात आहे. शारदा वाचते; साइव्ह घरातून पळते आणि दलदलीत बुडून मरते. कॉनेमारातील एका चर्चच्या सभागृहात पंधरा-सोळा वर्षांच्या आजीने हे नाटक पाहिले होते. अखेरच्या अंकात त्या मुलीचे भिजलेले शरीर उचलून टेबलावर ठेवतात. "त्या अक्षरांत ती मेलेली आहे," आजीने जावयाला सांगितले. आणि विशेषनामाला गर्भितार्थ नसतो हे मिलचे मत त्या स्वयंपाकघरात कोणाला सुचले असते, तरी ते बोलून दाखविण्याचे धैर्य कोणाला झाले नसते. जावयाने बेत मागे घेतला. यात अंधश्रद्धा किती आणि साहित्याचा परिणाम किती, हे वेगळे काढून दाखविणे कठीण आहे. आयरिश अक्षरांत तेच नाव त्या मुलीपासून सुटे होते, हे मात्र आजीच्या बोलण्यातून नकळत सिद्ध झाले. ते तिच्याही लक्षात आले असावे.

ब्रायन फ्रील याच्या 'ट्रान्सलेशन्स' या नाटकाची (डेरी, १९८०) आठवण येथे टाळता येत नाही. १८३३ साली इंग्रज लष्कराचे मोजणीदार आयरिश खेड्यांची नावे इंग्रजीत उतरवून घेत आहेत, हा त्याचा विषय. समीक्षकांनी नकाशा, सत्ता आणि भाषांतर या अंगांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. पण नाटकाच्या आरंभी गावात एका तान्ह्या मुलाच्या नामकरणाची बातमी आहे आणि शेवटाकडे ते मूल गेल्याची. या लहानशा चौकटीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. गावांची नावे बदलली तरी गावे उरतात. मुलाला मात्र हाक मारणारे कोणी तरी लागते.

हाकेचा विचार आयरिशमध्ये वेगळा करावा लागतो, कारण त्या भाषेत संबोधनात नावाचे पहिले व्यंजनच शिथिल होते. आपण 'रामा' म्हणताना शेवट बदलतो. ते आरंभ बदलतात, आणि नावापूर्वी एक अस्फुट 'अ' लावतात. स्कॉटलंडमधील 'हेमिश' हे नाव म्हणजे 'शेमस'ची केवळ संबोधन विभक्ती. कोणीतरी आईला हाक मारताना ऐकले आणि तेच नाव समजून लिहून घेतले. स शिथिल झाला की त्याचा ह होतो. छत्तिसाव्या रात्री मुलीच्या वडिलांना जाग आली तेव्हा आजी अंधारात पाळण्याशी उभी होती आणि रडणाऱ्या मुलीला हलक्या आवाजात काही म्हणत होती. सकाळी त्यांनी बायकोला विचारले, तुझी आई बाळाला 'हाइव्ह' का म्हणते? इंग्रजीत त्याचा अर्थ मधमाश्यांचे पोळे. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, नक्की 'हाइव्ह'च म्हणाली? आधी 'अ' होता का? त्यांना तो आठवत नव्हता. ते कोणत्याही नोंदवहीत नसलेले, ज्याचे पहिले अक्षरही कागदावरच्या नावाशी जुळत नाही असे रूप होते. आणि पणजीला तिच्या आयुष्यात सर्वांत अधिक वेळा ऐकू आले असेल ते हेच.

आजीला कोणी काही विचारले नाही. तिनेही साराचा विषय पुन्हा काढला नाही. काढलाच तर असा की, मधले नाव म्हणून ते चालेल, पेन्शनच्या वेळी उपयोगी पडेल.

चाळिसाव्या दिवशी तिघेही बाळाला घेऊन नोंदणी कार्यालयात गेले. नोंदणी करणारी बाई मध्यमवयीन, सौम्य. नाव विचारल्यावर तिने स्वतःहूनच लेखन सांगण्याची विनंती केली. आईने सहा अक्षरे सावकाश सांगितली. सहीपूर्वी मजकूर तपासून घेण्याची तेथे पद्धत आहे. बाईने पडदा त्यांच्याकडे वळविला. आईने जन्मतारीख पाहिली, वडिलांनी आडनाव आणि पत्ता पाहिला, आणि दोघांनीही ठीक आहे असे सांगितले. आजीने चष्मा लावला. तिने बोट पडद्यापाशी नेले आणि एकेक अक्षर ओठांनी म्हणत शेवटापर्यंत आली. एस, ए, डी, बी, एच, एच असे टंकले गेले होते. "यातला एक एच डीचा आहे," ती इंग्रजीत म्हणाली, "आणि एक बीचा. दोघांना एकत्र कसं ठेवता?" बाईने क्षमा मागून दुरुस्ती केली आणि केवळ सौजन्य म्हणून विचारले, दोन एच कशासाठी असतात?

"आमच्या वेळी नव्हते," आजी म्हणाली. "आमच्या वेळी तिथे टिंब असे." आणि तिने समोरच्या कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर, साखळीने बांधलेल्या पेनने, जुन्या वळणाची चार अक्षरे काढून त्यांतल्या दोहोंच्या डोक्यावर दोन टिंबे दिली.